नाकाका

आमच्या इमारतीला लिफ्ट नाही. बाकीचे रहिवासी जिना चढतात, नाकाका जिना वाचतात. प्रत्येक मजल्याच्या वळणावर ते थांबतात, भाजीची पिशवी कठड्याला टेकवतात आणि उजव्या हाताचा पंजा किंचित वाकवून समोरची हवा नाकाकडे ओढून घेतात. दोनदा. तिसऱ्यांदा कधीच नाही, कारण तिसऱ्या वेळी नाक सरावतं आणि खोटं बोलायला लागतं, असं त्यांचं म्हणणं. मग निकाल जाहीर होतो. "सहा नंबर. अळूचं फदफदं. चिंच कमी पडलीय." पिशवी उचलली, पुढचा मजला. "अकरा. दूध उतू गेलेलं. वरून पुसलंय, पण शेगडीखाली राहिलंय." नव्या भाडेकरूला वाटतं, म्हातारा गुडघ्यांमुळे थांबतोय. गुडघे ठणठणीत आहेत.

त्यांचं खरं नाव भागधारकांच्या रजिस्टरात आहे आणि वर्षातून एकदा, वार्षिक सभेच्या नोटिशीवर, ते मी लिहितो. मी सोसायटीचा सेक्रेटरी आहे. दुसरं कुणी तयार नव्हतं. एरवी सगळे त्यांना नाकाकाच म्हणतात. पोरांनी 'नाकवाले काका' हे घाईघाईत म्हणताना मधला मजकूर गाळला आणि उरलं ते इतकं सोयीचं निघालं की आता कुरियरवालाही खालून त्याच नावाने हाक मारतो. त्यांना राग नाही. उलट हुद्दा मिळाल्यासारखे ते 'हां, तोच मी' म्हणून सही करतात.

त्यांची उभी नोकरी एका कॉलेजच्या केमिस्ट्री लॅबमध्ये झाली. लॅब असिस्टंट. सॉल्ट अ‍ॅनालिसिस नावाचा प्रकार ज्यांनी भोगला आहे त्यांना आठवेल : हातात चिमूटभर पूड मिळते आणि ती कशाची आहे हे शोधून काढायचं असतं. कॉस्टिक सोडा घालून तापवल्यावर डोळ्यांत पाणी आणणारा वास आला की अमोनियम. आम्ल घातल्यावर व्हिनेगरचा आला तर अ‍ॅसिटेट, जळत्या गंधकाचा आला तर सल्फाइट. कुजक्या अंड्यांचा आला तर सल्फाइड. पण तो वास किपच्या उपकरणामुळे लॅबच्या भिंतींनाच कायमचा लागलेला, त्यामुळे सल्फाइड मिळालेली मुलं शेवटपर्यंत गोंधळलेली असत. परीक्षेच्या दिवशी नाकाका टेबलांमधून फिरायचे आणि एखाद्या हवालदिल मुलामागे उभे राहून नुसते खाकरायचे. एकदा खाकरले तर अमोनियम, दोनदा खाकरले तर अ‍ॅसिटेट, अशी एक अफवा होती. त्या वर्षांत केमिस्ट्री सोडून खोकल्याचा अभ्यास करणारी बरीच मुलं आज चांगल्या पदांवर आहेत.

त्या लॅबचा पहिला नियम असा की परीक्षानळीत नाक खुपसायचं नाही. आतून काय येईल सांगता येत नाही. नळी लांब धरायची आणि रिकाम्या हाताने वारा घालून थोडासा वास आपल्याकडे बोलवायचा. हा नियम त्यांनी पिढ्यान्‌पिढ्यांना शिकवला. निवृत्तीनंतर नळी सुटली, हात तेवढा राहिला.

आणि नियमही. "काका, आमच्याकडे काय शिजतं याच्याशी तुमचा संबंध काय?" असं अकरा नंबरच्या जावयाने एकदा तडकून विचारलं. जावई नवा होता. नाकाकांनी त्याला शांतपणे समजावलं, "मी कुठे आलोय तुमच्याकडे? मी नाक खुपसत नाही. वास तुमच्या घरातून निघाला, तुमचा उंबरा ओलांडला, स्वतःच्या पायांनी जिना चढून माझ्या दारात येऊन उभा राहिला. आल्या-गेल्याची चौकशी नको करायला?" जावई निरुत्तर झाला. "शिवाय," नाकाका म्हणाले, "सुरमई ताजी नाहीये. कोळणीला उद्या सांगा."

तिसरा मजला त्यांनी मुद्दाम निवडला असं ते सांगतात. गरम हवा वर जाते, जिना म्हणजे धुराडं, सगळ्या इमारतीची बातमी शेवटी वरच्या मजल्यावरच जमा होणार. काकू म्हणतात, वरचा मजला स्वस्त होता म्हणून घेतला.

काकूंविषयी सांगायला हवं. त्यांना बारा महिने सर्दी. नाक आहे, पण ते नथीपुरतं. या एका गोष्टीवर तो संसार टिकला आहे असं माझं मत आहे. त्या फोडणी घालत असताना बाहेरच्या खोलीतून सूचना येतात : "मोहरी तडतडली नाही अजून... हिंग आता... आता!... गेला, जळला." काकू हिंगाची डबी बंद करून शांतपणे पुढचं काम करतात. एखाद्या दिवशी फार झालं तर आतून एवढंच येतं : "नाकानं कांदे सोलता ना, मग या, दोन किलो सोलायचे आहेत."

वासाच्या बाबतीत कुणी ढिसाळ बोललेलं त्यांना खपत नाही. "काहीतरी वास येतोय," असं म्हणणारा माणूस त्यांच्या लेखी "काहीतरी दिसतंय" म्हणणाऱ्या साक्षीदाराइतकाच निरुपयोगी. कसला? तेल जुनं झालं की खवट. पीठ पावसाळ्यात राहिलं की कुबट. कल्हई गेलेल्या पितळेत ताक ठेवलं की ते कळकतं. भात उरला की आंबूस. कपडे नीट वाळले नाहीत की उबट. मासळीची ताटं नुसत्या पाण्याने धुतली की हिवस. करपणं वेगळं आणि खरपूस होणं वेगळं, त्या दोहोंमध्ये अर्धं मिनिट असतं, आणि बायकोचं सगळं कौशल्य त्या अर्ध्या मिनिटात दिसतं. (हे वाक्य ते जिन्यात बोलतात, घरात नाही.) क्रियापदांवर तर त्यांचा विशेष कटाक्ष. वास 'सुटला' तर तो चांगला, 'मारला' तर वाईट. श्रीखंडाच्या वेलचीचा वास मारत नाही आणि उंदराचा सुटत नाही.

पहिल्या पावसात त्यांच्यापासून दूर राहावं. सगळी इमारत गॅलऱ्यांमध्ये आलेली असते, थेंब पडायला लागतात, कुणीतरी डोळे मिटून "आहाहा, मातीचा वास!" म्हणतं, आणि वरून नाकाकांचा आवाज येतो, "मातीचा नाही. जिवाणूंचा. जिओस्मिन." मग ते सांगतात की मातीतले सूक्ष्म जीव हे द्रव्य तयार करतात, ते हवेत नावापुरतं असलं तरी माणसाच्या नाकाला पुरतं, आणि १९६४ साली ऑस्ट्रेलियातल्या दोन शास्त्रज्ञांनी, ईझाबेल बेअर आणि रिचर्ड थॉमस यांनी, या वासाचं बारसं केलं. तोवर डोळे मिटलेल्याने ते उघडलेले असतात.

एकूण नाकाची समाजात उपेक्षा होते असं त्यांचं जुनं दुखणं. डोळ्यांचे डॉक्टर, कानांची यंत्रं, जिभेचे चोचले, नाकाला काय? सर्दीचं मलम. म्हणून २००४ साली वासाची जाणीव कशी होते याच्या संशोधनासाठी रिचर्ड अ‍ॅक्सल आणि लिंडा बक यांना नोबेल मिळालं तेव्हा त्यांनी सोसायटीत पेढे वाटले. वर्तमानपत्रातलं कात्रण सूचनाफलकावर, पाणीकपातीच्या नोटिशीवर, लावलं. तेव्हाच्या सेक्रेटरींनी ते काढलं, त्यांनी पुन्हा लावलं. माणसाला निरनिराळ्या वासांसाठी सुमारे चारशे प्रकारची ग्राहकं आहेत हे आमच्या इमारतीतल्या शेंबड्या पोरांनाही ठाऊक आहे, ते या पाणीकपातीमुळे.

आता एवढं नाक असलेला माणूस म्हणजे सोसायटीला रोजचा धाक, असं कुणालाही वाटेल. मलाही वाटायचं. नऊ नंबरच्या आजी चातुर्मासात कांदा-लसूण खात नाहीत. चार महिने कडक. त्या व्रताचा दबदबा एवढा की त्यांच्या सुनेने शेजारीण म्हणून उसना कांदा मागणाऱ्यांनाही परत पाठवलेलं आहे. एका श्रावणात दुपारी बाहेर धो धो पाऊस, सून ऑफिसात, सगळीकडे सामसूम, आणि मी व नाकाका जिना चढत होतो. दुसऱ्या मजल्यावर कांदाभजीचा असा घमघमाट की माझ्यासारख्या मुर्दाड नाकाच्या माणसाच्याही तोंडाला पाणी सुटलं. नाकाका थांबले. पिशवी टेकवली. हात दोनदा हलवला. विचार केला.

"नऊ नंबर," ते म्हणाले. "उदबत्ती."

आणि पिशवी उचलून पुढे गेले.

पार्ल्यात राहून नाक असणं याचा एक वेगळा मान होता. पूर्वेला रेल्वेरुळांच्या कडेला बिस्किटांचा कारखाना. १९२९ साली तिथे आधी गोळ्या-पेपरमिंटं निघू लागली, बिस्किटं नंतर आली, आणि मग त्या भाजलेल्या गोड वासाने अख्ख्या उपनगराचा कब्जा घेतला. लोकलच्या दारात लटकलेल्या माणसाला मान वळवून पाटी वाचता आली नाही तरी पार्ला आल्याचं कळायचं. दुपारी समुद्रावरून वारा सुटला की तो वास आमच्या बाजूला यायचा; रात्री वारा फिरला की रूळ ओलांडून पश्चिमेला जायचा. कारखाना पूर्वेचा असून पश्चिमेच्या लोकांना रात्रभर फुकट वास मिळतो, याची नाकाकांना खरीखुरी खंत होती. ते त्या वासावर चहा टाकायचे. घड्याळ बघून नाही, वास बघून. वास पातळ आला तर "आज वारा वायव्येचा" आणि दाट आला तर "भट्टी नुकतीच उघडलेली दिसते".

२०१६ मध्ये तिथलं उत्पादन थांबलं. बातमी पेपरात येण्याआधी नाकाका माझ्या दारात उभे होते. "सेक्रेटरी, वारा बरोबर आहे. मग वास का नाही?" मला काय उत्तर द्यायचं ते सुचेना, सोसायटीच्या उपविधींत त्याची तरतूद नव्हती. पुढे बरेच दिवस त्यांचा चहा चुकीच्या वेळी व्हायचा. बिस्किटं बाजारात आहेत, तीच आहेत, पुडाही तोच. ते चहात बुडवतात, खातात आणि म्हणतात, "पोस्टाने आलेलं लग्न आहे हे."

सात नंबरची मुलगी जीआरईच्या परीक्षेला बसली त्या वर्षाची गोष्ट. ती जिन्यातच शब्द पाठ करायची, कारण घरात आजोबांचा टीव्ही. एकदा 'वॉफ्ट' या शब्दाशी अडली होती. हवेतून अलगद तरंगत जाणं, वाऱ्यावर वाहून येणं, असा अर्थ तिच्या पुस्तकात दिला होता. नाकाका तिच्याशेजारी पायरीवर बसले आणि उलटतपासणी सुरू झाली. काय तरंगतं? वास, शिवाय लांबून येणारं गाणं, धूर. कुठला वास, चांगला की वाईट? बहुतेक चांगला, भाजलेला पाव, कॉफी, फुलं. गटाराचा होतो का वॉफ्ट? ती म्हणाली, व्याकरणाने होतो, पण लिहिणाऱ्याला थट्टा करायची असेल तर. "म्हणजे दरवळणं," नाकाका म्हणाले, "गटार कधी दरवळत नाही." मुलगी हुशार होती. ती म्हणाली, दरवळ आजूबाजूला भरून राहतो काका, हा एकीकडून निघतो आणि दुसरीकडे पोचतो. नाकाकांनी थोडा वेळ विचार केला आणि मान्य केलं : "बरोबर. हा जिन्यातला आहे."

मग तिने शब्दकोशात मूळ बघितलं, आणि ते निघालं समुद्रातलं. सोळाव्या शतकाच्या आसपास इंग्रजीत 'वॉफ्टर' म्हणजे व्यापारी गलबतांना सोबत करणारं हत्यारबंद जहाज. हा शब्द आला डच भाषेतल्या राखणदारावरून. त्या जहाजांनी गलबतं सुखरूप पोचवणं म्हणजे वॉफ्ट करणं. पुढे पाण्यावरून वाहून नेणं, मग हवेतून वाहून नेणं, आणि गोळीबार वगैरे सगळा विसरून शब्द शेवटी पावाच्या वासापाशी येऊन थांबला. नाकाका ताडकन उठले. "राखणदार! बघ. मी काय वेगळं करतो?" त्या दिवसापासून त्यांच्या जिना चढण्यात आरमारी डौल आला. मुलगी परीक्षेत उत्तम पास होऊन अमेरिकेत गेली. तिथून तिचा पहिला फोन आईला आला आणि दुसरा वरच्या मजल्यावर : "काका, इथे फोडणी घातली की छतावरची घंटा वाजते!" नाकाका फोन ठेवून बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "तिथे हे काम मशीन करतं. पगार नसेल त्याला."

१९ सप्टेंबर २०१९ च्या रात्री मुंबईच्या उपनगरांत गॅसचा वास पसरला आणि लोकांनी घाबरून फोनवर फोन केले. चेंबूर, घाटकोपर, पवई, सगळीकडून तक्रारी. आमच्या इमारतीत तो वास खरंच आला होता की व्हॉट्सअ‍ॅपवरून आला होता, हे मी शपथेवर सांगू शकत नाही. पण रात्री उशिरा सगळी सोसायटी घरच्या कपड्यांत खाली अंगणात उभी होती हे खरं. पितृपंधरवडा चालू होता, दुपारच्या वड्यांचा नि खिरीचा वास अजून जिन्यात रेंगाळत होता. नाकाका सगळ्यांत शेवटी उतरले, कारण ते प्रत्येक दारापाशी थांबत आले होते. खाली येऊन त्यांनी जाहीर केलं, "आपल्याकडून काही नाही. सोळाही घरं तपासली. चौदा नंबरमध्ये काजू भाजलेत, कुणाला सांगितलेलं दिसत नाही."

मग ते कट्ट्यावर उभे राहिले आणि त्यांनी सांगितलं की गॅसला स्वतःचा वास नसतोच. तो वास मुद्दाम मिसळतात. मर्कॅप्टन म्हणतात त्याला, सडक्या कोबीच्या जातीचा, अगदी कणभर असला तरी नाकाला कळावा म्हणून. १९३७ साली टेक्सासमधल्या न्यू लंडन गावात एका शाळेच्या तळाशी बिनवासाचा गॅस साठत गेला, कुणाला कळलं नाही, आणि स्फोटात तीनशेच्या आसपास जीव गेले, बहुतेक सगळी मुलं. त्यानंतर हे वास मिसळायचे कायदे झाले. अंगण एकदम गप्प झालं. ज्या बायका मघाशी "शी, काय घाण वास" म्हणत होत्या त्याही काही बोलेनात. गळती कुठे सापडली नाही असं दुसऱ्या दिवशी पेपरात आलं. पण त्या रात्री वर जाताना प्रथमच सगळे जण नाकाकांच्या मागून, त्यांच्या वेगाने, प्रत्येक वळणावर थांबत चढले.

पुढच्या वर्षी टाळेबंदीत तर त्यांची चंगळ झाली. सोळा घरं, सगळी माणसं घरात, आणि सगळ्यांच्या अंगात बल्लवाचार्य संचारलेला. केळ्याचा केक, जिलब्या, घरचा पाव, फेटलेली कॉफी. नाकाका दारात खुर्ची टाकून बसायचे आणि वही ठेवायचे. मग गणपतीच्या तोंडावर त्यांना ताप आला. सौम्य होता, बरे झाले. मजल्याला लावलेली पट्टी पालिकेने काढली, खुर्ची परत दारात आली, निकाल पुन्हा सुरू झाले. "पाच नंबर, उकडीचे मोदक. हळदीच्या पानावर ठेवलेत." बरोबर. "तेरा, वालाचं बिरडं." बरोबर. उलट पूर्वी दहात एखादा अंदाज चुकायचा, तोही आता चुकेना.

खरी गोष्ट काकूंनी मला नंतर सांगितली. एका सकाळी त्यांनी गॅसवर दूध ठेवलं आणि त्या फोनवर बोलत बसल्या. दूध उतू गेलं, करपलं, भांडं काळं पडलं. काकूंना अर्थातच वास आला नाही. पण नाकाका गॅसपासून चार पावलांवर पेपर वाचत होते आणि त्यांनी पान उलटलं. काकूंनी भांडं बघितलं, नवऱ्याकडे बघितलं आणि काही विचारलं नाही. दुसऱ्या दिवसापासून त्या सकाळी गॅलरीत उभ्या राहू लागल्या. कोळीण कुठल्या मजल्यावर थांबली, भाजीवाल्याकडून वाल कुणी घेतले, नारळ कुणाकडे फोडला. आत आल्यावर भिंतीकडे बघत म्हणायच्या, "तेरा नंबरला मोड आलेले वाल दिसले हं." बस्स. कित्येक महिने सोसायटीच्या जिन्यात जे घ्राणेंद्रिय गाजत होतं ते काकूंच्या चष्म्यामागे होतं.

कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी नाकाला व्यायाम सांगितला. थॉमस हुमेल नावाच्या जर्मन डॉक्टरने २००९ मध्ये मांडलेला हा प्रकार : गुलाब, निलगिरी, लिंबू, लवंग, हे चार वास सकाळ-संध्याकाळ लक्ष देऊन हुंगायचे, आठवडेच्या आठवडे. नाकाकांनी लॅबमधल्या जुन्या काचेच्या बाटल्या काढल्या, पेन्सिलीने चिठ्ठ्या लिहिल्या आणि स्वतःचीच सॉल्ट अ‍ॅनालिसिस सुरू केली. बातमी फुटलीच. मग व्यायामात लोकांनी भर घातली. खालून वाट्या येऊ लागल्या : भाजलेला गोडा मसाला, कैरीचं साल, सुंठ, एकदा कुणीतरी सुका बोंबील पाठवला. डॉक्टरांच्या यादीत बोंबील नव्हता.

वास परत आला, पण वाट चुकून आला. पॅरॉस्मिया म्हणतात त्याला; ओळखीच्या वासाच्या जागी भलताच, बहुधा किळसवाणा वास येतो, आणि कॉफी त्यात फार जणांना छळते. आम्हाला हे तेव्हा ठाऊक नव्हतं. नाकाकांनी आधी तोंडी आणि मग लेखी तक्रार दिली की दुसऱ्या मजल्यावर, दहा नंबरपाशी, ड्रेनेजची पाइप फुटली आहे आणि रोज सकाळी सात वाजता जास्त फुटते. मी प्लंबर बोलावला. त्याने पाइप बघितली, चेंबर उघडलं, आत टॉर्च मारली, स्वच्छ. नाकाका ऐकेनात. पुन्हा चेंबर उघडलं. तिसऱ्यांदा दहा नंबरच्या वहिनींनीच दार उघडलं, त्यांच्या हातात फिल्टर कॉफीचा पेला होता, आणि नाकाकांनी नाकाला रुमाल लावून त्या पेल्याकडे बोट दाखवलं. "हीच ती."

वहिनींच्या तीन पिढ्या ती कॉफी पीत आल्या आहेत. पुढे काय झालं ते मी सेक्रेटरी म्हणून लिहीत नाही. चेंबर उघडण्याच्या बिलावर सही करताना मी खर्चाचा तपशील 'इतर' असा टाकला.

हळूहळू नाक जाग्यावर आलं. सगळ्यांत आधी लवंग, मग लिंबू, मग एका सकाळी दहा नंबरची कॉफी. नाकाका खाली उतरले, दहाच्या दारापाशी उभे राहिले, हात दोनदा हलवला आणि बेल वाजवली. वहिनींनी दार उघडलं. "चिकोरी वाढवलीत का?" त्यांनी विचारलं. त्या म्हणाल्या, "डबा बदललाय." दोघांनी त्यावर अर्धा तास चर्चा केली, आणि माझ्या माहितीप्रमाणे माफी मागायचा विषय निघाला नाही.

परवा पुनर्विकासाची सभा झाली. आमच्यावरून विमानं जातात, त्यामुळे पार्ल्यात फार उंच काही होत नाही, पण जे होतं ते पडद्यावर दाखवायला विकासकाचा तरुण माणूस आला होता. लिफ्ट दोन. जिना मागे, लोखंडी दाराआड, आग लागली तर वापरायला. प्रत्येक स्वयंपाकघरात चिमणी, तिची नळी थेट बाहेरच्या डक्टमध्ये. सभासदांनी कार्पेट विचारला, पार्किंग विचारलं, कॉर्पस विचारला. नाकाकांनी हात वर केला आणि विचारलं, डक्टचं तोंड कुठल्या दिशेला? तरुणाने हसून सांगितलं, "काका, काळजीच करू नका. कुणाच्याही घरातला वास कुणालाही येणार नाही. लेखी देतो." टाळ्या पडल्या. मी इतिवृत्त लिहिलं ते असं :

"विषय क्र. ५ : स्वयंपाकघरातील वासाबाबत विकासकाने सभासदांना आश्वासन दिले. सदर आश्वासनास तिसऱ्या मजल्यावरील एका ज्येष्ठ सभासदांनी तीव्र हरकत घेतली. हरकतीस अनुमोदन : फ्लॅट क्र. १०."